चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज : गावी परतल्यावर काय सांभाळायचं?

बालाघाट
जबड्याचे कोपरे तासणं, गालाची हाडं आत घेणं, हनुवटी कापून पुढे-मागे सरकवणं. अशा शस्त्रक्रिया करून घेणारे आता आपल्याकडेही आहेत. शस्त्रक्रिया होते पुण्या-मुंबईला नाहीतर हैदराबादला, आणि आठवडाभरात पेशंट बीड, लातूर, हिंगोलीच्या घरी येतो. पुढचे दोन महिने सगळं घरच्यांवर. हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर तीन गोष्टी : मऊ आहार, थंड शेक, आठ दिवसांनी दाखवा.

म्हणून हा धागा. कोणत्या दिवशी किती सूज असणं ठीक? कधी घाबरायचं? आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या जेवणात काय बदलायचं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. डॉक्टरांना विचारायचंच आहे, पण काय विचारायचं तेही कळलं पाहिजे.

मुखशल्य
चांगला विषय. आधी वेळापत्रक सांगतो, कारण निम्मी भीती त्याच्या अभावी असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी चेहरा फारसा सुजलेला दिसत नाही. सूज वाढत जाते आणि ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होते. म्हणजे तिसऱ्या दिवशी चेहरा पहिल्या दिवसापेक्षा मोठा दिसणार, डोळे बारीक होणार, ओठ जाड होणार. हे अपेक्षित आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बरीचशी सूज गेलेली असते आणि अनोळखी माणसाला काही कळत नाही. उरलेली सूज हाडाच्या लगत, खोल असते. ती हळू जाते. तीन महिन्यांनी चेहऱ्याचा अंदाज येतो, पण खरा आकार सहा महिन्यांनी आणि काहींना वर्षाने दिसतो.

जबड्याच्या कोपऱ्याशी सूज सर्वांत जास्त टिकते. तिथे चावण्याचा मोठा स्नायू, मॅसेटर, हाडाला चिकटलेला असतो आणि हाड तासण्यासाठी तो सोडवावा लागतो. त्यामुळे पहिले काही आठवडे जबडा आधीपेक्षा रुंद दिसू शकतो. जबडा बारीक करायला गेलेल्या माणसाला हे बघून रडू येतं. घरच्यांनी त्या काळात "काय फरक पडला?" हा प्रश्न विचारू नये, एवढी माझी विनंती.

सूज किती आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने चालली आहे ते बघा. पाचव्या दिवसानंतर ती रोज थोडी कमी होत असेल आणि दोन्ही बाजू साधारण बरोबरीने उतरत असतील तर काळजी नाही. उतरलेली सूज परत चढली, किंवा एकच बाजू वेगळी वागू लागली, तर दाखवायला जा.

परभणीकर
निळेपणा गळ्यावर, छातीवर उतरला तर? आमच्याकडे लोक लगेच म्हणतात, आतून रक्त सुटलं.

मुखशल्य
परभणीकर, साकळलेलं रक्त गुरुत्वाने खाली येतं. जबडा आणि हनुवटीच्या शस्त्रक्रियेत ते मानेवरून छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतं. निळं, मग हिरवट, मग पिवळं, आणि दोन-तीन आठवड्यांत नाहीसं. रंग बदलतोय म्हणजे ते शोषलं जातंय.

सिस्टर नांदेड
थंड शेकाबद्दल लिहिते, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिले ४८ ते ७२ तास थंड. २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा, जागेपणी दिवसभर. झोपमोड करून शेक देऊ नये. बर्फ किंवा जेल पॅक थेट कातडीवर कधीच नाही, सुती रुमालाची एक घडी मध्ये हवीच. कारण गाल आणि हनुवटी बधिर असतात, कातडी गारठून इजा झाली तरी पेशंटला समजत नाही. हेच गरम शेकालाही लागू. बधिर हनुवटीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून फोड आलेले पेशंट वॉर्डात येतात.

मे महिन्यात दुपारी लाइट गेली की फ्रिज आणि पॅक दोन्ही निरुपयोगी होतात. जेल पॅकचे दोन जोड घ्या आणि बर्फाचा थर्मास भरून ठेवा. काहीच नसेल तर माठाच्या पाण्यात पिळलेला रुमाल चालेल, पाच मिनिटांनी बदलत राहायचा. मटारचं गोठवलेलं पाकीट गालाच्या आकाराला छान बसतं.

चौथ्या दिवसापासून कोमट ओला शेक, तोही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

लातूरची मावशी
आमच्याकडं हळद-चुन्याचा लेप लावतेत सुजेवर. लई जुना उपाय हाय. तो लावला तर?

सिस्टर नांदेड
मावशी, इथे नको. चुना बधिर कातडीला भाजतो. चेहऱ्याभोवती बांधायच्या दाबपट्ट्याखाली लेप दबला तर आणखी वाईट. शिवाय हळदीच्या पिवळ्या रंगाने कातडीचा खरा रंग झाकला जातो, लाली आली तर ओळखू येत नाही. हळदीचं दूध कोमट प्यायला द्या, त्याला हरकत नाही.

गोदाकाठ
डोकं उंच ठेवायचं म्हणतात. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की काम होतं. सोपा उपाय.

फिजिओ जालना
गोदाकाठ दादा, हिशोब करून बघा. सहा फुटी बाज म्हणजे १८० सेंमी. दोन विटा म्हणजे साधारण १५ सेंमी. त्यातून जेमतेम ५ अंशांचा उतार मिळतो, आणि हवा आहे ३० ते ४५ अंश. बाज नव्हे, कमरेपासून वरचं अंग उचलायचं. कमरेपासून डोक्यापर्यंतचं अंतर ९० सेंमी धरलं तर ३० अंशांसाठी डोकं ४५ सेंमी वर हवं. भिंतीला लोड, त्यावर दुमडलेली गादी, वर उशी, अशी घसरण तयार करा. गुडघ्याखाली एक उशी द्या म्हणजे माणूस रात्रीतून खाली सरकत नाही. नुसत्या डोक्याखाली तीन उशा कोंबल्या तर मान मुडपते आणि गळ्यापाशी सूज साचते.

पहिले दोन आठवडे असंच झोपायचं, उताणं. गालाचं हाड कापलं असेल तर कुशीवर झोपायची परवानगी त्याहून उशिरा मिळते, कारण उशीचा दाब थेट त्या हाडावर येतो.

पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालणं सुरू ठेवा. पडून राहणाऱ्याची सूज उशिरा उतरते.

गोदाकाठ
हिशोब पटला. विटा परत अंगणात.

औषधी माजलगाव
काउंटरवर वारंवार विचारल्या जाणाऱ्या गोष्टी.

स्टेरॉइड, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन, सूज आटोक्यात ठेवायला शस्त्रक्रियेच्या वेळी आणि पुढे एक-दोन दिवस देतात. त्याचा अंमल ओसरला की सूज किंचित वाढल्यासारखी वाटते. म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मागू नका. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर वाढते, रोज तपासा.

वेदनेसाठी कार्डावर जे लिहिलंय तेच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या शस्त्रक्रियेआधी एक-दोन आठवडे बंद करायला सांगतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःहून थांबवायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के माउथवॉश : १० मिली, एक मिनिट तोंडात धरून हलकेच हलवायचं, दिवसातून दोनदा. पेस्टने दात घासल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम मारला जातो. माउथवॉशनंतर लगेच चहा घेतला तर दातांवर तपकिरी डाग धरतात. डाग साफसफाईत निघतात, पण उगाच कशाला. दर खाण्यानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा. चूळ जोरात खळखळवायची नाही, तोंड तिरकं करून पाणी या गालाकडून त्या गालाकडे जाऊ द्यायचं.

बालाघाट
टाके तोंडाच्या आत असतात ना? मग आपलं जेवण कसं बसवायचं? ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. यातलं एकही चालणारं दिसत नाही.

तेरणा आहार
भाकरी आणि ठेचा सहा आठवडे विसरा. ज्वारीचे रवाळ कण टाक्यांत अडकतात आणि तिथेच कुजतात. येसर आमटीचा मसाला आणि तिखट जखमेला झोंबतं, त्याशिवाय त्यात मीठ भरपूर.

पहिला आठवडा पातळ पदार्थ : भाताची पेज, मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, दूध, गाळलेली आंबील. आंबील नेहमीसारखीच करा, ज्वारीचं पीठ ताकात भिजवून, शिजवून, पण मलमलच्या कापडातून गाळा आणि वरून फोडणी नको. मोहरी-जिऱ्याचा एक दाणा टाक्यात बसला की पेशंट जिभेने तो काढत बसतो आणि टाका ढिला होतो. दुसऱ्या आठवड्यापासून घोटलेला मऊ वरण-भात, दहीभात, गाळलेल्या कण्या, मिक्सरमधून काढलेलं उकडलेलं अंडं. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर कडक चावणं नाही. शेंगदाणे, हुरडा, ऊस, पापड हे सगळ्यात शेवटी.

लोक नेमकी प्रथिनांत चूक करतात. आठ दिवस पेज आणि सरबतावर ठेवलं की माणूस खंगतो आणि जखमही रेंगाळते. जखम भरताना वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या मुलीला ६६ ते ८२ ग्रॅम. ते असं जमतं : पाऊण लिटर दूध २४, व्हे पावडरचा एक स्कूप साधारण २४, दोन अंडी १२, दोन वाट्या वरण १०. झाले ७०. अंडी न खाणाऱ्यांनी चक्का आणि वरण वाढवावं. किडनीचा आजार असेल तर हा हिशोब लागू नाही.

तोंड उघडत नसेल तर ५० मिलीची मोठी सिरिंज घ्या, टोकाला मऊ रबरी नळी लावा, नळी गालाच्या आतून मागच्या दाढांपाशी न्या आणि थोडं थोडं सोडा. स्ट्रॉ नको. ओढताना तोंडात पोकळी तयार होते आणि टाक्यांवर ताण येतो. कुठलीही गोष्ट देण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघा, बधिर ओठाला गरम कळत नाही.

परभणीकर
मीठ कमी केलं की सूज लवकर उतरते, म्हणून काही जण आठ दिवस पूर्ण अळणी खातात. आणि पाणीही कमी पितात.

तेरणा आहार
दोन्ही चूक. पाणी कमी प्यायल्याने सूज जात नाही, लघवी पिवळी होते आणि चक्कर येते. पारा ४२ वर असताना अडीच ते तीन लिटर द्रव पोटात गेलाच पाहिजे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर.

मिठाची मर्यादा निरोगी माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं मिळून. लोणचं, पापड, पाकिटातलं सूप, फरसाण बंद केलं की ती पाळली जाते. पूर्ण अळणीची गरज नाही, घाम येणाऱ्याला तर मुळीच नाही. आणि ओआरएसचा अख्खा पुडा लिटरभर पाण्यात घालून रोज सरबतासारखा पिऊ नका, त्यात २.६ ग्रॅम मीठ असतं. उलट्या-जुलाब झाले तर मात्र तेच द्या.

औषधी माजलगाव
मीठ राहू द्या, तंबाखूचं बोला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तोंडात मात्र तो दिसतोच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडांना रक्त पुरत नाही, जखम उसवते आणि आतलं हाड किंवा ते जोडायला बसवलेली धातूची प्लेट उघडी पडते. तंबाखू-चुना ठेवायची जागा आणि शस्त्रक्रियेचा छेद एकाच ठिकाणी असतो, ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत. बायकांची मिश्रीही त्यातच धरा. किमान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर बंद. जो सांगायला लाजतो त्याचं नुकसान होतं, सर्जनला खरं सांगा.

मुखशल्य
+१. यात एक भर. गुटख्याने तोंड आधीच आखडलेलं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. भूल देतानाही त्याचा संबंध येतो.

फिजिओ जालना
तोंड उघडण्याच्या व्यायामाबद्दल. शस्त्रक्रियेनंतर तोंड एका बोटाएवढंच उघडतं. व्यायाम टाळत राहिलात तर स्नायू आखडतात. जबड्याचे कोपरे तासलेल्यांनी दहाव्या दिवसापासून हळूहळू सुरू करावं : उघडायचं, ताण जाणवला की थांबायचं, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दर दोन दिवसांनी पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजून लिहायचं. ३५ ते ४० मिमी हे ध्येय.

मुखशल्य
इथे मी थोडा वेगळा आहे. फिजिओ ताईंचं म्हणणं फक्त खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापुरतं बरोबर. गालाचं हाड कापून आत घेतलं असेल तर हा व्यायाम त्या तारखेला नको. मॅसेटरचं वरचं टोक त्याच हाडाला आहे. तोंड मोठं उघडलं किंवा जोरात चावलं की तो हाडाला खाली ओढतो. प्लेट ढिली झाली की हाड जुळत नाही, गाल लोंबतो, चावताना कट्कट् आवाज येतो. अशांनी जांभई देतानाही हनुवटीखाली मूठ धरावी. व्यायाम कधी सुरू करायचा ते त्यांच्या सर्जननेच सांगायचं. हनुवटी सरकवली असेल तर खालचा ओठ बोटाने ओढून टाके बघण्याचा मोह सोडा, टाके तिथेच तुटतात.

फिजिओ जालना
मान्य, डॉक्टर. कोणती शस्त्रक्रिया झाली ते विचारल्याशिवाय व्यायाम सांगू नये, माझं वाक्य तसं वाचावं.

पट्ट्याबद्दलही लिहिते. पहिला आठवडा जेवण आणि तोंड धुणं सोडून दिवसभर, पुढे दोन-तीन आठवडे रात्री, असं साधारण सांगतात. पट्टा आणि कातडीच्या मध्ये एक बोट सहज सरकलं पाहिजे. जास्त आवळल्याने सूज लवकर जात नाही, उलट पट्ट्याच्या वर डोळ्यांकडे चढते आणि कानामागे कातडी सोलते. आपल्या घामाने आत पुरळ उठतं, म्हणून दोन पट्टे ठेवा आणि रोज एक धुवा. गळा दाबल्यासारखं वाटलं, ओठ काळेनिळे दिसले तर लगेच सोडा.

लातूरची मावशी
आणि सूज जाईना म्हणून मालिश करतेत ते?

फिजिओ जालना
मावशी, तेल चोपडून रगडणं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण तीन आठवड्यांनंतर, मोराचं पीस फिरवावं इतक्या हलक्या हाताने. आधी गळ्याच्या बाजूने गळपट्टीच्या हाडाकडे, मग कानापासून खाली, शेवटी गालावरून कानाकडे. खालची वाट मोकळी केल्याशिवाय वरचं पाणी उतरत नाही. गालाच्या हाडावर दाब अजिबात नको.

परभणीकर
पुण्याहून परतीचा प्रवास सांगा कुणीतरी. लातूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

सिस्टर नांदेड
जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी काढली, तोंडाने पिणं जमू लागलं आणि डॉक्टरांनी सोडलं की मगच निघा. कारची पुढची सीट मागे झुकवून, मानेला गोल उशी. रेल्वे मिळाली तर उत्तम, धक्के कमी, आणि खालचा बर्थ घ्या. बसची मागची सीट नकोच. दर तासाला उतरून पाच मिनिटं चालायचं. गाडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी आधीच लिहून घ्या. दातांना रबर लावून जबडा बांधला असेल तर छोटी कात्री पेशंटच्या खिशात हवी, सामानाच्या बॅगेत नको. उलटी आली की पुढे वाकायचं आणि रबर कापायचं.

गालाच्या किंवा वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

मुखशल्य
आता धोक्याच्या खुणा, सगळ्या घरच्यांनी वाचाव्यात.

पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, दगडासारखी टणक झाली, दुखणं वाढलं, तर आत रक्त साकळतंय. जिभेखालचा भाग वर उचलला जातोय, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, श्वास लागतोय, ही तातडीची वेळ. पेशंटला आडवं करू नका, बसवूनच ठेवा, पट्टा आणि रबर काढा, काहीही पाजू नका, १०८ ला फोन करा. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अपघात विभाग गाठा : संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड. पुण्याच्या सर्जनला फोन वाटेत लावा, त्यासाठी घरी थांबू नका.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर उतरलेली सूज परत चढली, लाली, ताप, तोंडाला खारट-घाण चव किंवा पू आला, तर जंतुसंसर्ग. दुसऱ्याच दिवशी दाखवा. बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडायचं नाही.

बधिरपणाची भीती मात्र बाळगू नका. खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस ओढली जाते. नस दिवसाला साधारण १ मिमी वाढते, म्हणून संवेदना परतायला काही आठवडे ते महिने लागतात. मुंग्या, टोचणं, विजेसारखी चमक ही परतीची चिन्हं. थोडा बधिरपणा काहींना कायम राहू शकतो, हे शस्त्रक्रियेआधीच कळलं पाहिजे. हसताना ओठाचा एक कोपरा खाली येत नाही, किंवा भुवई उचलत नाही, ते वेगळं. ती हालचालीची नस आहे, पुढच्या तपासणीत आवर्जून दाखवा.

बालाघाट
मनापासून आभार सगळ्यांचे. एवढं कार्डावर कुठे असतं? शेवटचा प्रश्न, घरोघरी हाच विचारतात : लग्नसराईत कधी जाता येईल?

मुखशल्य
बसून करायची नोकरी दोन-तीन आठवड्यांनी. लग्नात मिरवायचं असेल तर तीन महिने हाती ठेवा, फोटो कायमचे राहतात. जड उचलणं, व्यायामशाळा सहा आठवड्यांनी. क्रिकेट, कबड्डी, चेहऱ्यावर मार बसेल असं काहीही तीन महिने नाही. उन्हात जाताना चेहऱ्यावर उपरणं किंवा ओढणी, नाहीतर निळेपणाच्या जागी डाग धरतात.

फोटो आठवड्यातून एकदाच काढा, त्याच खिडकीत, त्याच वेळी. सकाळी सूज जास्त असते, रोज सकाळी आरशात बघून मन खचतं.

गोदाकाठ
दाढी कधी?

सिस्टर नांदेड
दादा, बधिरपणा असेपर्यंत ब्लेड नको, कापलेलं कळत नाही. ट्रिमर वापरा, दाब न देता. दात मात्र पहिल्या दिवसापासून घासायचे, लहान मुलांच्या मऊ ब्रशने, टाके सोडून.

परभणीकर
आतल्या प्लेटा पुढे काढाव्या लागतात का? एमआरआय करायची वेळ आली तर?

मुखशल्य
टायटॅनियमच्या असतात, त्रास नसेल तर आयुष्यभर राहू देतात. संसर्ग झाला, स्क्रू ढिला झाला किंवा कातडीखाली टोचू लागला तर काढतात. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे एमआरआय सहसा करता येतो, पण तंत्रज्ञाला आधी सांगा. जबड्याच्या चित्रात प्लेटभोवतीचा भाग धूसर येतो. डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेनंतरचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे जपून ठेवा. पुढे दाढ काढायची किंवा रूट कॅनल करायची वेळ आली तर गावातल्या दाताच्या डॉक्टरांना तोच एक्स-रे आधी दाखवायचा, नस आणि स्क्रू कुठे आहेत ते त्यावर दिसतं.